तात्यांच्या कानातली घरघर

तात्या आमचे चुलते, वय ८१. अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात, आमच्या गावच्या देवळात त्यांनी चाळीसेक वर्षं भजनाला पेटी धरली. ऐकू कमी यायला लागल्यावर पेटी सुटली, पण देऊळ सुटलं नाही. दोन्ही कानांमागे यंत्रं लावून ते रोज आरतीला चौकात, म्हणजे गाभाऱ्यासमोरच्या मोठ्या दालनात, बसतात. गेल्या वर्षी भजनी सप्ताहाच्या आधी त्यांनी तक्रार सुरू केली: "यंत्र देवळात आलं की घरघरतं. पावसात जुना रेडिओ लावल्यासारखं."

यंत्र दोनदा दुकानात जाऊन आलं. दुकानदाराने कानाला लावून पाहिलं, संगणकाला जोडून पाहिलं, बॅटरी बदलली आणि "काही दोष नाही" म्हणून परत दिलं. तो खोटं बोलत नव्हता. पण मग घरात एक समजूत पसरली की तात्यांना भास होतात. वहिनी हळूच मला म्हणाल्या, "भावजी, त्यांच्याशी एकदा बोला. म्हणतात, लोटांगण घातलं की आवाज थांबतो, उठलं की परत येतो. लोक हसतात."

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. आडवं झाल्यावर थांबणारा आणि उभं राहिल्यावर परत येणारा आवाज ऐकून मला भासाची शंका आली नाही, कोसाइनची आली.

आधी तात्यांचं ऐकून घेतलं

अशा कामात मीटर काढण्याआधी माणसाला अर्धा तास द्यावा, हे मला उशिरा कळलं. तात्यांनी जे सांगितलं ते जवळपास तसंच वहीत लिहून घेतलं.

घरघर फक्त चौकात येते. दीपस्तंभापाशी नाही, तळीवर नाही, अग्रशाळेत नाही. घरी येत नाही, मात्र इन्व्हर्टरच्या शेजारच्या खुर्चीवर बसलं तर बारीक येते. दुपारी देऊळ रिकामं असताना येत नाही, संध्याकाळी गर्भकुडीसमोरचे, म्हणजे गाभाऱ्यासमोरचे, मोठे दिवे लागले की येते. दिवे लागताना आधी 'टक्क' होतं, मग घरघर सुरू. आणि नाटकाच्या तालमीला दिवे मंद करतात तेव्हा ती कमी होण्याऐवजी वाढते.

शेवटचं वाक्य मी दोनदा विचारलं. तात्या चिडले. "बाळा, कान गेले आहेत, डोकं नाही."

यंत्र हातात घेऊन पाहिलं. त्यावर एक बटण आहे, दाबलं की कार्यक्रम बदलतो. साध्या कार्यक्रमात फक्त मायक्रोफोन चालतो. दुसऱ्या एका कार्यक्रमात मायक्रोफोनबरोबर टेलिकॉइलही चालू होते. टेलिकॉइल म्हणजे चुंबकीय गाभ्यावर केसासारख्या तारेचे पुष्कळ वेढे घातलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी गुंडाळी. फोनच्या रिसीव्हरमधून किंवा गळ्यात घालायच्या तारेच्या लूपमधून बाहेर पडणारं बदलतं चुंबकीय क्षेत्र ती पकडते आणि तेच आवाज म्हणून कानात सोडते. तात्या घरी टीव्ही असा गळ्यातला लूप घालून ऐकतात, म्हणून यंत्र कायम याच कार्यक्रमावर. दुकानात त्याची तपासणी मायक्रोफोनवर झाली होती, शिवाय दुकानात तसं क्षेत्रही नव्हतं. मग दोष सापडणार कुठून?

म्हणजे एक गुंडाळी तात्यांच्या कानामागे आहे. प्रश्न एवढाच उरला की दुसरी कुठे आहे.

दुसरी गुंडाळी शोधताना

म्युच्युअल इंडक्टन्स शिकवताना आपण फळ्यावर शेजारी शेजारी दोन गोंडस कॉइल काढतो. एकीतला प्रवाह बदलला की दुसरीतून जाणारा फ्लक्स, म्हणजे तिच्यातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, बदलतो आणि दुसरीत विद्युत-दाब तयार होतो. फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ला लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून हे पाहिलं, तेव्हा दुसरीतला प्रवाह दाखवणारा काटा फक्त पहिलीला बॅटरी जोडताना आणि काढताना हलला, मधल्या वेळात स्वस्थ राहिला. तात्यांचा 'टक्क' तोच. फरक इतकाच की आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, त्यामुळे काटा स्वस्थ बसतच नाही. तीच घरघर.

फळ्यावरच्या चित्राचा एक तोटा असा की कॉइल म्हणजे बाजारातून आणलेली वस्तू, असं मुलांच्या डोक्यात बसतं. प्रत्यक्षात प्रवाह जाऊन परत येतो तो कोणताही बंद रस्ता कॉइलच असतो, मग वेढा एकच का असेना आणि तो देवळाएवढा का असेना.

गेल्या शिगम्याच्या सुट्टीत मुलांसाठी केलेली शोधगुंडाळी घरात पडून होती: ३ सेंटीमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या नळीवर ५०० वेढे. तिच्यापुढे हजारपट मोठं करणारा छोटा अँप्लिफायर आणि हेडफोन. ही घेऊन संध्याकाळी चौकात गेलो. दिवे लागले, 'टक्क' झालं, आणि तात्यांची घरघर माझ्याही कानात आली. हेडफोन काढून वहिनींच्या कानाला लावले. त्या काही बोलल्या नाहीत, पण तात्यांकडे बघून त्यांनी पदर नीट केला.

मग नळी फिरवली. उभी धरली की आवाज सर्वांत मोठा. साठ अंश कलवली की निम्मा, कारण साठ अंशाचा कोसाइन अर्धा. आडवी धरली की जवळपास शून्य, कुठल्याही दिशेला वळवा. याचा अर्थ चौकाच्या मधोमध क्षेत्र सरळ वर-खाली आहे. तात्यांच्या यंत्रातली टेलिकॉइल माणूस ताठ असताना उभी असते. लोटांगण घातलं की ती आडवी होते आणि तिच्यातून फ्लक्स जातच नाही. देवापुढे आडवं झाल्यावर कानाला शांतता मिळायची ती अशी.

उभी नळी धरून चौकात चालायला लागलो. मध्यापासून डाव्या भिंतीकडे जाताना घरघर वाढत गेली, आणि बाजूच्या दाराच्या उंबऱ्यावर, वरून वायरीची पट्टी जाते तिच्या जवळजवळ खाली आल्यावर, एकदम पडली. उजव्या भिंतीकडे तोच प्रकार. दाराबाहेर दहा पावलांवर काहीच नाही. मोठ्या वेटोळ्याच्या आत उभं राहिलं की असंच होतं. अख्खा चौक एका वेढ्याची कॉइल झाला होता.

वायरिंग

हे कसं झालं ते कळायला क्लॅम्प मीटर पुरला. वायर जबड्यात धरली की तो तिच्यातला प्रवाह दाखवतो. फेज (वीज नेणारी वायर) आणि न्यूट्रल (परत आणणारी) एकत्र जात असतील आणि दोन्ही जबड्यात घेतल्या तर मीटरने शून्य दाखवायला हवं, कारण एकीतून जातं तेवढंच दुसरीतून परत येतं. गावातला वायरमन शिडीवर चढला. डाव्या पट्टीतल्या सगळ्या वायरी एकत्र धरल्या: ६.४ अँपिअर. उजव्या पट्टीतल्या सगळ्या: तेवढेच.

मग त्यालाच आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी गर्भकुडीसमोर नाटकासाठी ५०० वॅटचे तीन हॅलोजन आणि त्यांना उजेड कमी-जास्त करणारा एक डिमर बसवला होता. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. फेज डाव्या पट्टीतून नेली, कारण तिथे जागा होती. न्यूट्रल मात्र एवढ्या लांब परत कशाला आणायची म्हणून उजव्या भिंतीवरच्या पंख्यांच्या न्यूट्रलला तिथेच जोडली. प्रवाह मेन बोर्डापासून डाव्या भिंतीने गर्भकुडीपर्यंत जायचा, दिव्यांतून पलीकडे जायचा आणि उजव्या भिंतीने देवळाची अर्धी प्रदक्षिणा पुरी करून बोर्डावर परत यायचा. १६ मीटर गुणिले ९ मीटर.

"पण लायट पेटते ना?" वायरमन म्हणाला. पेटत होती. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ, तीसुद्धा पडली नव्हती, आणि त्यामागचं कारण गमतीचं आहे. आरसीसीबीच्या पोटात एक चुंबकीय कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात, आणि कड्यावरची तिसरी गुंडाळी त्यांच्यातला फरक ओळखते. हेही म्युच्युअल इंडक्टन्सच. आपल्या देवळात सगळ्या चौकाला मिळून एकच आरसीसीबी, तेव्हा कुठल्या का भिंतीने असेना, गेलेलं सगळं तिच्यातूनच परत येत होतं. दिव्यांना आणि पंख्यांना वेगवेगळी असती तर पहिल्या दिवशी पहिला दिवा लावतानाच ती पडली असती आणि तात्यांची दोन वर्षं वाचली असती.

आणि हा केवळ आवाजाचा मामला नाही, हे इथे जरा रागानेच लिहितो. पंख्यांचं सर्किट बंद करून कोणी त्यांची न्यूट्रल सोडवायला गेलं, आणि त्याच वेळी दिवे चालू असले, तर त्या सुटलेल्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. एमसीबी (सर्किटची कळ) खाली आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाच्या हातात. दुसऱ्याची न्यूट्रल उसनी घेणं ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे. तात्यांचा कान नसता तर हे आणखी किती वर्षं कळलं नसतं कोण जाणे.

आकडे जुळतात का

आयताच्या मध्यावरचं चुंबकीय क्षेत्र काढायला बारावीचं गणित पुरतं: चारही बाजूंचं योगदान बायो-सावार नियमाने (प्रवाहावरून त्याचं चुंबकीय क्षेत्र सांगणाऱ्या) काढायचं आणि बेरीज करायची. वायर सुमारे अडीच मीटर उंचीवर, चटईवर बसलेल्या माणसाचा कान तिच्याहून पावणेदोन मीटर खाली. हे धरून दर अँपिअरमागे ०.०७१ अँपिअर प्रति मीटर येतं. साडेसहा अँपिअरला ०.४६. फ्लक्सच्या घनतेत सांगायचं तर ०.५८ मायक्रोटेस्ला.

महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानाच्या कारभाऱ्यांपैकी, एकाने लगेच विचारलं, हे प्रकृतीला वाईट का? ५० हर्ट्झसाठी सामान्य जनतेची जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, आयसीएनआयआरपी या किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची २०१०ची, ती २०० मायक्रोटेस्ला सांगते. आपण तिच्या तीनशेव्या भागाच्याही खाली आहोत. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र गोव्यात सुमारे ४० मायक्रोटेस्ला असतं, पण ते स्थिर असल्यामुळे टेलिकॉइलला त्याचा पत्ता लागत नाही.

टेलिकॉइलच्या दृष्टीने मात्र ०.४६ हा आकडा भयंकर आहे. सभागृहात कमी ऐकणाऱ्यांसाठी मुद्दाम लूप घालतात तेव्हा आयईसी ६०११८-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बोलण्याच्या शिखराला ०.४ अँपिअर प्रति मीटर मिळावं अशी अपेक्षा असते. आमच्या देवळाने नकळत अगदी मानकाबरहुकूम लूप घातला होता, फक्त त्यात कीर्तनाऐवजी वीज खात्याची वीज वाजत होती.

आता म्युच्युअल इंडक्टन्स. माझ्या नळीचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटीमीटर, वेढे ५००. चौकाच्या वेढ्यात एक अँपिअर असताना नळीत एकूण किती फ्लक्स गुंततो तेवढाच हिशेब: सुमारे ३१ नॅनोहेन्री. साडेसहा अँपिअर, ५० हर्ट्झ, म्हणजे ६४ मायक्रोव्होल्ट. हजारपट केल्यावर मीटरवर ६४ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. डिमर पूर्ण उघडा ठेवून ५५ दिसले. वायर काही फुटपट्टीने आखलेल्या आयतात जात नाही, दारावरून वळसा घेते, त्यामुळे मी यावर खूश आहे.

एक गोष्ट वर्गात सांगूनही मुलांना पटत नाही ती इथे चांगली दिसते. पहिल्या कॉइलपासून दुसरीकडे काढलेला म्युच्युअल इंडक्टन्स आणि दुसरीपासून पहिलीकडे काढलेला, दोन्ही एकच. नॉयमानने १८४५ला दिलेल्या सूत्रात दोन्ही वेटोळ्यांच्या तारांचे तुकडे अगदी समान मानाने येतात, पहिली कोण नि दुसरी कोण याची तिथे नोंदच नाही. म्हणून मी सोपी बाजू निवडली: मोठ्या वेढ्याचं क्षेत्र छोट्या नळीभर जवळजवळ सारखं असतं, एक गुणाकार केला की झालं. नळीत प्रवाह सोडून तिचा फ्लक्स अख्ख्या चौकभर मोजत बसलो असतो तर सप्ताह संपला असता. उत्तर मात्र तेच ३१.

राहिलं दिवे मंद केल्यावर घरघर वाढण्याचं. डिमर प्रवाह कमी करतो तो लहरीचा पुढचा भाग कापून. कापलेल्या लहरीत १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे विषम गुणक शिरतात. बरोबर अर्ध्यात कापली तर १५० हर्ट्झचा वाटा पूर्ण उजेडाच्या शिखराच्या ३२ टक्क्यांपर्यंत जातो. आणि गुंडाळीतला दाब वारंवारितेच्या पटीत वाढतो, म्हणून १५०चा तेवढाच प्रवाह ५०च्या तिप्पट दाब देतो. वर श्रवणयंत्र ५० हर्ट्झ फारसं वाजवतच नाही, वरचं सगळं इमानाने वाजवतं. मी वर्गात डिमरचं उदाहरण वर्षानुवर्षं देतो, पण तो कानाने ओळखणारा माणूस घरातच होता.

दुरुस्ती

अर्ध्या दिवसाचं काम. दिव्यांची न्यूट्रल पंख्यांपासून तोडली, नवी वायर डाव्या पट्टीत फेजला चिकटून परत आणली. दोन वायरींमध्ये पाचेक मिलिमीटर अंतर आणि दोघींतले प्रवाह उलट, तेव्हा चौकाच्या मध्यावर एकीचं क्षेत्र दुसरी जवळजवळ पूर्ण पुसून टाकते. गणिताने उरतं ते आधीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. क्लॅम्पने दोन्ही पट्ट्यांवर शून्य दाखवलं. दिवे लागले. तात्या चौकात उभे होते, ताठ. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "आता घुमट तेवढं ऐकू येतं. शब्द नाहीत."

बरोबर होतं. मायक्रोफोन सगळंच उचलतो. घुमट आणि शामेळ ही आमच्याकडची चामड्याची तालवाद्यं, वर झांज; त्यांच्या दणक्यात अभंगाचे शब्द कुठे सापडायचे? घरघर गेली, पण तात्यांची मूळची अडचण तशीच राहिली.

म्हणून सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात दुसरं काम केलं. देवळाने नकळत घातलेला लूप आता मुद्दाम घातला. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जमिनीलगत चौकाभोवती दोन वेढे, सुमारे १०० मीटर. रोध १.७ ओहम. गवयाच्या माइकची एक शाखा मिक्सरमधून वेगळ्या अँप्लिफायरला, तिथून २.२ ओहमच्या जाड रोधातून लूपला. अडीच अँपिअरने ०.४चं शिखर मिळतं, म्हणजे पंचवीसेक वॅट. देवळातला जुना १०० वॅटचा अँप्लिफायर त्याला निवांत पुरला.

पहिल्या तालमीत तात्यांची तक्रार: गवई बोबडा झाला. 'स', 'श', 'च' गायब. यात नवल नव्हतं. दोन वेढ्यांचा स्वतःचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याची खोड, ३६० मायक्रोहेन्रीच्या आसपास. ३ किलोहर्ट्झला तो एकटाच सात ओहम अडवतो, आणि व्यंजनं तर तिथेच राहतात. खरा उपाय म्हणजे दाबाऐवजी प्रवाह सांभाळणारा लूप-अँप्लिफायर. तो मागवायला महाजनांकडे अर्ज दिला आहे, तो आज ना उद्या मंजूर होईल. तोवर मिक्सरवर वरच्या पट्ट्या चढवून भागवलं.

सप्ताहाच्या रात्री तात्या माझ्या शेजारी बसले होते. यंत्राचा मायक्रोफोन त्यांनी बंदच ठेवला, फक्त टेलिकॉइल. आमच्या भोवती घुमटांनी चौक हादरत होता आणि त्यांच्या कानात फक्त गवई. मांडीवर त्यांची बोटं चालू होती, पेटीच्या पट्ट्या दाबल्यासारखी. एका ठिकाणी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मध्यम चढा लागला त्याचा." मला ऐकू आला नव्हता.

आरती झाली, सगळे वाकले, तात्यांनीही लोटांगण घातलं. उठल्यावर त्यांनी कानाला हात लावला.

"वाकलं की हा पण जातो रे," ते म्हणाले. "तेवढं बघ काही तरी."